बुधवारी कसला उपास?

प्रति,
कोकणात घरगुती निवास आणि खानावळी चालवणाऱ्या सर्व काका-काकूंना, दादा-वहिनींना

सप्रेम नमस्कार.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत वेंगुर्ल्याच्या बाजूला तुमच्यापैकीच एका घरी आम्ही पाच दिवस राहिलो आणि त्यातले पहिले दोन दिवस त्या घराशी धडधडीत खोटं बोललो. माझ्या आईला उपास आहे, असं सांगितलं. सोमवारी शंकराचा, मंगळवारी गणपतीचा. आईला कसलाही उपास नव्हता. ती अट्टल मासेखाऊ बाई आहे आणि कोकणात यायचं ते मुळी त्यासाठीच. तरीही शेजारच्या पानातल्या सुरमईचा वास घेत ती दोन दिवस साबुदाण्याची खिचडी आणि वरीचे तांदूळ खात बसली. हे खोटं का बोलावं लागलं, ते तुम्हाला सांगावं म्हणून हे पत्र. जरा लांबेल, दुपारच्या निवांत वेळी वाचा.

आईला सिलिॲक नावाचा आजार आहे. गव्हात ग्लुटेन असतं. कणीक मळून ठेवली की ती ताणली जाते, तुटत नाही, ती त्याच्यामुळे. जव आणि राय या धान्यांतही त्याची भावंडं असतात. हे पोटात गेलं की आईचं शरीर स्वतःच्याच आतड्यावर उलटतं. लहान आतड्याला आतून मखमलीसारखी लव असते, अन्नातलं सत्त्व तीच शोषून घेते. ती झिजून सपाट होते. मग कितीही खा, अंगी लागत नाही. आईचं हिमोग्लोबिन कित्येक वर्षं आठाच्या वर सरकत नव्हतं. लोहाच्या गोळ्या झाल्या, खजूर झाले, अळिवाचे लाडू झाले. ‘बायकांचं असतंच असं’ हेही ऐकून झालं. साठी उलटायच्या सुमारास एका डॉक्टरांना शंका आली. त्यांनी रक्ताची टीटीजी तपासणी करवली, दुर्बिणीतून आतड्याचा कणभर तुकडा काढून तपासला आणि निदान झालं. याला औषध नाही. गहू बंद, जन्मभरासाठी. चाळीस वर्षं रोज दोन्ही वेळच्या पोळ्या लाटलेल्या बाईला कोणीतरी सांगितलं की ते पीठच तुझ्या मुळावर आलं होतं. ती डॉक्टरांना म्हणाली, “बरं झालं, लाटायच्या वाचल्या.” घरी आल्यावर मात्र पोळपाट कुणाला द्यायचा यावर दोन दिवस घुटमळत होती.

याला ॲलर्जी म्हटलं की लोकांना वाटतं, अंगावर गांधी उठतील, घसा सुजेल. आईला तसलं काही होत नाही. जेवताना ती हसतमुख असते, म्हणूनच तुम्हाला पटत नाही. त्रास सुरू होतो तो काही तासांनी, नाहीतर दुसऱ्या दिवशी. पोट फुगतं, जुलाब लागतात, चार-चार दिवस अंगात त्राण राहत नाही. कधी बाहेर काहीच दिसत नाही आणि आत लव झिजत राहते, ते तर आणखी वाईट.

आता दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्याची गोष्ट. गाव सांगत नाही. रत्नागिरी जिल्हा, समुद्र पन्नास पावलांवर, अंगणात रायवळ आंब्याचं झाड, आणि घरातली माणसं इतकी प्रेमळ की त्यांच्यावर रागावताही येऊ नये. खोल्या ठरवतानाच मी फोनवर सांगितलं होतं, आईला गहू अजिबात चालत नाही. काका म्हणाले, “काही काळजी करू नका, आमच्याकडे सगळं तांदळाचंच.” ते खोटं बोलत नव्हते. त्यांना मनापासून तसंच वाटत होतं.

पहिल्या दुपारी तळलेले बांगडे आले. वरून दाणेदार, कुरकुरीत. मी विचारलं, “याला गव्हाचं काही लावलंय का?” काकूंनी लगेच सांगितलं, “छे हो, गहू नाही. रवा आहे.”

हे वाक्य मी तेव्हापासून किमान वीस ठिकाणी ऐकलंय. सांगणारा माणूस दर वेळी तितकाच निष्पाप असतो. आपल्या मराठी डोक्यात गहू म्हणजे पोळी. रवा हा रवा असतो, मैदा हा मैदा असतो, शेवया शेवया असतात. त्यांचं आणि गव्हाचं नातं विचारलं तर सांगता येतं, पण विचारल्याशिवाय आठवत नाही. पानात डावीकडे गुपचूप बसलेली कुरडई गव्हाच्या चिकाची असते, हे माझ्या स्वतःच्या तरी ध्यानात कुठे होतं?

बांगडा परत गेला. काकूंना वाईट वाटलं, ते आईला दिसलं आणि तिथेच घोटाळा झाला. रात्री तांदळाची भाकरी आली तेव्हा मी तव्याबद्दल विचारायला उठणार, तर आईनं मांडीवर चिमटा काढला. “पुरे आता, किती छळशील त्यांना.” भाकरी पोळ्यांच्याच तव्यावर भाजलेली होती. पोळ्या झाल्यावर तव्यावर जी करपलेली पिठी राहते, तिचे तपकिरी ठिपके भाकरीच्या पाठीला चिकटलेले मला दिव्याच्या उजेडात दिसत होते. आई ते खरवडून खात होती, जणू खरवडून जातात.

एका पोळीला साधारण तीस ग्रॅम कणीक लागते, असं धरा. तिच्यात अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन असतं. हा आजार असलेल्या बहुतेकांना दिवसाला दहा मिलिग्रॅमपर्यंत सोसतं. रोज पन्नास मिलिग्रॅम गेलं तर आतड्याला इजा होते, असं अभ्यासात दिसलेलं आहे. म्हणजे एका पोळीचे अडीचशे-तीनशे तुकडे करा. त्यातला एक तुकडा, ही आईच्या अख्ख्या दिवसाची मर्यादा. ‘एवढ्याशानं काय होतंय’ असं तुम्ही म्हणता तेव्हा तुमच्या चिमटीत जे असतं ते या मापाने भरपूर असतं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत आई आडवी झाली. आणि आता मी जे सांगते ते ऐकून काकूंना रडू येईल, म्हणून त्यांचं गाव सांगत नाहीये. त्या बिचाऱ्या उठून आईसाठी मऊ भात घेऊन आल्या. वर तूप, आणि वर घरचं मेतकूट. आजारी माणसाला आपल्याकडे याहून निर्धोक काय देणार? आईनं दोन दिवस तेच खाल्लं आणि दोन दिवस ती बरी होईना. तिसऱ्या दिवशी मी सहज विचारलं, मेतकुटात काय काय घालता? हरभराडाळ, उडीदडाळ, तांदूळ, मेथ्या, धणे, सुंठ, हळद... आणि मूठभर गहू. “त्याशिवाय खमंग होत नाही ना.”

मुलं समुद्रावर किल्ले करत होती, नवरा त्यांच्यामागे धावत होता आणि आई खिडकीतून समुद्र पाहत पडली होती. तिला वाईट कशाचं वाटत होतं म्हणाल, तर पोटाचं नाही. आपल्यामुळे सगळ्यांची सुट्टी नासली, याचं. या आजाराचा एक भाग हा असतो, तो कुठल्याच अहवालात येत नाही. आठ माणसं जेवायला बसतात, एकाचं तोंड वेगळं असतं आणि त्या एकाला आठांची माफी मागत राहावंसं वाटतं. परतताना एका देवळात शिऱ्याचा प्रसाद मिळाला. आईनं तो ओंजळीत घेतला, कपाळाला लावला आणि नातवाच्या हातावर ठेवला. पुजारीकाकांनी पाहिलं. “आजी, प्रसादाला नाही म्हणू नये,” असं म्हणून आणखी एक मूद दिली.

तुमचा आग्रह आणि आमची भीड, या दोघांनी मिळून आईला आजारी पाडलं. कुणाच्याही मनात वाईट नव्हतं. तुमच्याकडे पाहुणा उपाशी उठणं म्हणजे अपमान, आणि आमच्याकडे वाढलेलं टाकणं म्हणजे उर्मटपणा. या दोन चांगल्या सवयी समोरासमोर आल्या की मधल्या माणसाचं पोट जातं.

त्यानंतर आषाढी एकादशीला आम्ही पुण्याजवळ एका साध्या हॉटेलात थांबलो होतो. मी विचारायच्या आधीच वाढप्या म्हणाला, “उपासाचं आहे ना, कढई वेगळी आहे, तेल वेगळं आहे, तुम्ही निर्धास्त खा.” मी त्याच्याकडे बघतच राहिले. जी खात्री मिळावी म्हणून मी दोन वर्षं हातापाया पडत होते, ती इथे न मागता मिळत होती. वरी, राजगिरा, शिंगाडा, साबुदाणा, रताळं, दाण्याचं कूट: उपासाच्या पानात गहू मुळातच नसतो. आणि उपासवाल्याला कुणी म्हणत नाही, ‘चिमूटभर पोळी खाल्ली तर काय होतंय?’ आजाराला जो मान मिळत नव्हता, तो उपासाला सहज मिळत होता.

म्हणून दिवाळीत आम्ही उपासाची युक्ती काढली. कल्पना आईचीच. सोमवार आणि मंगळवार छान निभावले. गुरुवारी दत्त होते, शनिवारी मारुती. बुधवारचं मात्र काहीच ठरलं नव्हतं. तुम्हाला सांगायला नको, आपल्याकडे बुधवार, शुक्रवार, रविवार हे मासळीचे वार. बुधवारी सकाळी आई मला म्हणाली, “विठोबाचा सांगू.” मी म्हटलं सांग.

दुपारी आम्हाला ओटीवर वाढून वेंगुर्ल्याच्या त्या काकी आपल्या घरच्यांसाठी आत बांगडे तळत होत्या. आमच्या ताटांतले बांगडे रव्याचे होते. आई खिचडीच्या वाटीशी खेळत बसली होती. आतून तळणीचा वास आला. मग पुन्हा आला. आई उठली, स्वयंपाकघराच्या दारात गेली आणि म्हणाली, “तुम्ही आतले बांगडे कशात घोळवलेत हो?”

“तांदळाच्या पिठात. रवा पावण्यांना लागतो, कुरकुरीत. आमी आपले पिठातच करतो. का ओ?”

“मग मला एक द्या.”

काकींचा झारा हातातच राहिला. “अहो, उपास ना तुमचा? विठोबाचा?”

मग आईनं सगळं सांगितलं. आतड्यापासून मेतकुटापर्यंत. मी दाराबाहेर उभी राहून मेल्याहून मेल्यासारखी झाले होते. काकी रागावल्या, पण आम्हाला अपेक्षित होतं त्या कारणासाठी नाही. “देवाच्या नावान खोटा कित्याक? गहू नको तर नको म्हणायचा. आमच्याकडे तांदळाशिवाय आसा काय?”

त्या दुपारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी तासभर बसले. चार वर्षांत आहारतज्ज्ञांकडे मिळालं नव्हतं ते तिथे कळलं. त्यांच्याकडे बिडाचा एक तवा होता. त्यावर फक्त घावन आणि आंबोळ्या. पोळी त्याला कधी लावायची नाही, कारण मग घावन सुटत नाहीत. म्हणजे ज्या तव्यासाठी मी देशभर वणवण करत होते, तो इथे घावनांच्या काळजीपोटी पिढ्यान्‌पिढ्या पोळीपासून लांब ठेवलेला होता. तांदळाचं पीठ गिरणीतून आणतानाही त्या विचारतात, आधी कशावर दळलं? गव्हावर दळलेलं पीठ मोदकाला चालत नाही, पारी काळपट होते. गिरणीवाला आधी थोडे तांदूळ घालून चक्की साफ करतो, ते पीठ म्हशीला जातं आणि मग यांचं दळण पडतं. गव्हावर दळलेलं पीठ नको, असं सिलिॲकवाल्यांना डॉक्टरही सांगतात, फक्त मोदकाचं नाव न घेता.

तेव्हा मला एक गोष्ट लख्ख दिसली. कोकणच्या घरगुती जेवणात गहू जवळजवळ नाहीच. घावन, आंबोळी, भाकरी, खापरोळी, पातोळ्या, तांदळाचे शिरवाळे आणि नारळाचा रस, कुळथाची पिठी, सोलकढी. आंबापोळी आणि फणसपोळीच्या नावात पोळी आहे, पण गव्हाचा दाणा नाही. गहू तुमच्या मातीत फारसा पिकत नाही. तो घाटावरून येतो, आमच्यासारखाच, आणि आमच्याचसाठी. पाहुण्यांना पोळी लागते म्हणून पोळी, पाहुण्यांना कुरकुरीत लागतं म्हणून रवा, पाहुण्यांची पोरं मागतात म्हणून नूडल्स. तुम्ही आमच्यासाठी म्हणून जे वेगळं करता, नेमका तिथे गहू शिरतो. तुम्ही जे स्वतः खाता ते आम्हाला द्या, एवढंच आईचं मागणं आहे.

अर्थात तिथेही दोन-तीन चोरवाटा आहेत. हिंग ही त्यातली सगळ्यात बेरकी. शुद्ध हिंग इतका उग्र असतो की डबीतल्या पुडीत पीठ मिसळलेलं असतं, आणि ते पुष्कळदा गव्हाचं असतं. हे काकींना मीच सांगितलं, तर त्यांनी लगेच डबी उन्हात धरली, चष्मा लावला आणि बारीक अक्षरं वाचून डबी माझ्यापुढे आपटली. “एवढ्या वरसात कधी वाचलाच नाय.” काही डब्यांत तांदळाचं पीठ असतं, ते चालतं. नाहीतर पीठ न मिसळलेला शुद्ध खड्याचा हिंग. तो नसेल तर सरळ हिंगाशिवाय फोडणी करा, आईची तक्रार नाही. वड्यांचं पीठ घरोघरी वेगळं. कुणी तांदूळ आणि उडीद एवढंच घेतं, कुणी त्यात गहूही दळून आणतं. कोंबडीवड्याचा बेत असेल तर तेवढं आठवून सांगा. थालीपिठाच्या भाजणीत गहू बहुधा असतोच. सांदणं तांदळाच्या कण्यांची असायला हवीत, पण घाईच्या दिवसांत गव्हाच्या रव्याचीही होतात. चायनीजमधल्या सोया सॉसमध्येही पुष्कळदा गहू असतो. आणि 2023 साली मिलेटचं आंतरराष्ट्रीय वर्ष झाल्यापासून सगळीकडे नाचणीची बिस्किटं आली आहेत. त्यांच्या पाकिटावर नाचणी मोठ्या अक्षरांत असते आणि मैदा मागच्या बाजूला बारीक अक्षरांत. नाचणीची भाकरी द्या, बिस्किट नको.

तळणीचं तेलही तसंच. ज्या तेलात सकाळी पुऱ्या झाल्या त्यात दुपारी आईचा मासा तळू नका. थोडं नवं तेल छोट्या कढईत घाला, त्याचे पैसे वेगळे लावा, आम्ही आनंदाने देऊ. खरंच लावा. फुकट सोय केली की आईला पुन्हा भीड पडते आणि पुढच्या वेळी ती मागत नाही.

एक विनंती मात्र उलट्या बाजूची आहे. कृपा करून दारावर ‘ग्लुटेन फ्री’ अशी पाटी लावू नका. हे पत्र वाचून कुणाला तसा उत्साह येईल, म्हणून आधीच सांगते. पाकिटावर तसं छापायचं तर आपल्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे किलोमागे वीस मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन असून चालत नाही, आणि ते प्रयोगशाळेत मोजावं लागतं. तुमच्या-माझ्या स्वयंपाकघरात ते मोजता येत नाही. पाटीपेक्षा मला तुमचं एक वाक्य जास्त मोलाचं वाटतं: गव्हाशिवायचं करून देतो, पण घरात पोळ्या होतात, तवा वेगळा ठेवतो. एवढं कळलं की निर्णय आमचा आम्ही घेऊ.

आणि ‘जमणार नाही’ असं सांगणारा माणूस आम्हाला देवासारखा वाटतो. मालवणहून परतताना महामार्गावरच्या एका छोट्या खानावळीत मी नेहमीचं पुराण सुरू केलं. मालकांनी ते पुरतं ऐकलं, मागे वळून स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि म्हणाले, “ताई, माझ्याकडे एकच तवा, एकच कढई. तुमच्या आईंना मी काय देऊ नये. समोर शहाळी आहेत, केळी आहेत, तुम्ही जेवा, त्यांना ते द्या.” आम्ही सगळे तिथे जेवलो. आईनं दोन शहाळी पिऊन घरच्या डब्यातला दहीभात खाल्ला. त्या माणसाच्या एका ‘नाही’ने आईचे चार दिवस वाचवले. त्यांचं गिऱ्हाईकही गेलं नाही, उलट जोडलं गेलं. या आजाराची घरं एकमेकांना पत्ते कळवत असतात, आणि एका आईला चालेल ते घर ठरलं की मागोमाग आठ माणसं येतात. उत्तर भारतात केलेल्या पाहण्यांत साधारण शंभरात एकाला हा आजार दिसला आहे. दक्षिण भारतात प्रमाण बरंच कमी, पण दिल्ली-पंजाबची कुटुंबं हल्ली तुमच्या किनाऱ्यावर येतातच की.

आमची बाजू धुतल्या तांदळासारखी आहे असं मात्र नाही. आम्ही पाहुणे ऐन पानावर बसल्यावर सांगतो. ‘ग्लुटेन’ असा शब्द तुमच्या तोंडावर फेकतो आणि तुम्हाला कळलं नाही की तोंड वाकडं करतो. शिवाय आमच्या शहरांत काही लोक वजन उतरवायला महिनाभर गहू सोडतात, तुमच्याकडे पोळी नको म्हणतात आणि रात्री वाढदिवसाचा केक खातात. तुम्ही ते पाहता आणि ‘ही सगळी थेरं’ असं ठरवून टाकता. तुमची चूक नाही. पण आईनं केक चाखूनही पाहिलेला नाही, गेली चार वर्षं, नातवाच्या वाढदिवसालाही नाही. तिला त्यांच्यात मोजू नका.

आईला एक गोष्ट फार आवडते, ती इथे सांगते, कारण ती खऱ्या उपासाची आहे. नेदरलंड्समध्ये विलेम कारेल डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. ही रोगट, पोट फुगलेली मुलं गहू बंद केला की सुधारतात, असा त्यांना आधीपासून संशय होता. दुसऱ्या महायुद्धात, 1944-45च्या हिवाळ्यात तिथे भीषण टंचाई आली. पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद उकडून खाऊ लागले. बाकीचे खंगत होते आणि ही मुलं मात्र सुधारत होती. पुन्हा पाव मिळू लागला तशी ती पुन्हा आजारी पडली. 1950 साली डिके यांनी यावर प्रबंध लिहिला. आई म्हणते, “बघ, त्यांनाही उपासच मानवला.” मी तिला सांगते की त्यांना उपास नाही, गहू नसणं मानवलं. ती म्हणते, तेच ते.

त्या दिवाळीचं उरलेलं सांगते. बुधवारी आईनं तीन बांगडे खाल्ले. गुरुवारी सकाळी बिडाच्या तव्यावर घावन झाले, काकींनी पहिला आईच्या पानात टाकला. आमच्यासाठी पोळ्या करायच्या त्या आईचं जेवण उरकल्यावर, परातही निराळी. हे त्यांनी आपणहून ठरवलं, आम्ही सांगितलं नव्हतं. शुक्रवारी सुरमईचं तिखलं. आई एकदाही आडवी झाली नाही. निघताना काकी तिला म्हणाल्या, “आता विठोबाची माफी तेवढी मागा.” आईनं आषाढीला खरोखरीचा, निर्जळी उपास केला. डॉक्टर ओरडले.

येत्या मे महिन्यात, जूनला मासेमारी बंद व्हायच्या आत, आम्ही पुन्हा येतोय. या खेपेला देवगडच्या बाजूला. माणसं सहा, त्यातली एक आई. तुमच्यापैकी कुणाला तरी माझा फोन येईल. मी ‘ग्लुटेन’ म्हणणार नाही. मी विचारीन: घावनाचा तवा वेगळा आहे का, हिंग कुठला, मासा कशात घोळवता. उत्तर ‘नाही’ असेल तर खुशाल नाही म्हणा, मी दुसरीकडे विचारीन आणि शहाळी प्यायला तुमच्याकडे येऊन जाईन. सामानात आमचा एक छोटा तवा वर्तमानपत्रात गुंडाळलेला असेलच. तो बाहेर काढायची वेळ आली तर रागावू नका.

आपली,
ठाण्याहून येणारी एक पाहुणी

ता. क. – आई म्हणतेय, मेतकुटात गहू न घालता तांदूळ थोडे जास्त घेऊन चांगले तांबूस भाजले तरी तितकंच खमंग होतं. तिनं तीनदा करून पाहिलंय. त्या रत्नागिरीच्या काकूंनी हे वाचलं तर त्यांना कळावं, म्हणून मुद्दाम लिहिलं. त्यांनी आम्हाला दिलेली फणसपोळी आईनं सगळी एकटीनं संपवली.